वजन हलके, म्हणून मानही हलका?

मुष्टियुद्ध म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोहम्मद अली किंवा माइक टायसन उभा राहतो. नव्वद-शंभर किलोंचा देह, एकाच ठोशात प्रतिस्पर्ध्याला आडवा करणारा हात आणि भोवती गर्जणारी गर्दी. पण पन्नास किलो वजनाच्या एखाद्या जगज्जेत्याचे नाव सांगा म्हटले तर घरातील मोठी माणसेही विचारात पडतात. आपल्या तेलंगणाची निखत झरीन २०२२ साली जगज्जेती झाली नसती, तर हैदराबादेतल्या मुलांनाही एखादे नाव पटकन सुचले नसते.

हलक्या वजनाच्या मुष्टियोद्ध्यांना मान कमी मिळतो. तो कमी का मिळतो आणि खरोखर अधिक मिळायला हवा का, हे या लेखात सोपे करून सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. प्रश्न मुष्टियुद्धाचा असला तरी वर्गात पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या, किडकिडीत, बुटक्या मुलामुलींशी त्याचा जवळचा संबंध आहे.

वजनगट आले कोठून?

इंग्लंडमध्ये पूर्वी उघड्या मुठींनी मुष्टियुद्ध होत असे. तेव्हा वजनाचा विचार फारसा होत नसे. समोर जो येईल त्याच्याशी लढायचे, आणि एकाला उठता येईनासे झाले की लढत संपायची. अशा खेळात अंगापिंडाने मोठा असलेलाच बहुधा जिंकणार हे उघड आहे. १८६७ साली क्वीन्सबेरी नियम प्रसिद्ध झाले. त्यांत हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि खाली पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंद, या गोष्टी आल्या. आजचे मुष्टियुद्ध या नियमांवर उभे आहे.

पुढे १९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट निश्चित केले. सर्वांत हलका फ्लायवेट, त्यावर बँटमवेट, फेदरवेट, लाइटवेट, वेल्टरवेट, मिडलवेट, लाइट हेवीवेट आणि शेवटी हेवीवेट. व्यावसायिक मुष्टियुद्धात आज या आठांचे सतरा झाले आहेत, आणि एका संघटनेने तर २०२० मध्ये अठरावाही काढला. सर्वांत हलक्या गटाची मर्यादा १०५ पौंड, म्हणजे सुमारे ४७.६ किलो. फ्लायवेट ११२ पौंड म्हणजे ५०.८ किलो, बँटमवेट ११८ पौंड म्हणजे ५३.५ किलो, फेदरवेट १२६ पौंड म्हणजे ५७.२ किलो. हेवीवेट साधारण २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोंच्या वर सुरू होतो आणि त्याला वरची मर्यादाच नाही.

या नावांकडे जरा लक्ष द्या. ‘फ्लाय’ म्हणजे माशी, ‘बँटम’ म्हणजे लहान चणीचा कोंबडा, ‘फेदर’ म्हणजे पीस. सर्वांत हलक्या गटाला काही ठिकाणी ‘स्ट्रॉवेट’ म्हणतात, म्हणजे गवताची काडी! नाव ठेवतानाच चेष्टेचा सूर लागलेला दिसतो. माशी, कोंबडा, पीस आणि काडी यांना कोण घाबरणार?

शास्त्र काय सांगते?

विज्ञानाच्या पुस्तकात संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, असे आपण शिकतो. ठोसा मारताना केवळ हात पुढे जात नाही. पायांच्या रेट्याने कंबर वळते, कंबरेबरोबर खांदा येतो आणि शरीराचा बराचसा भार मुठीमागे उभा राहतो. म्हणून शंभर किलोंच्या माणसाचा ठोसा पन्नास किलोंच्या माणसाच्या ठोशापेक्षा जड बसतो. सारखेच कौशल्य असलेल्या दोघांत वजनाचा एवढा फरक असेल, तर लढत न्याय्य राहत नाही आणि हलक्या माणसाच्या जिवाला धोका होतो. वजनगट आले ते याच कारणाने.

मात्र याच शास्त्राची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. स्नायूची ताकद मुख्यतः त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर वजन घनफळावर. क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने वाढते आणि घनफळ घनाने. एकाच घाटाची दोन माणसे घ्या, एक ४८ किलोंचा आणि दुसरा ९६ किलोंचा. दुसऱ्याचे वजन दुप्पट आहे, पण या हिशोबाने त्याची ताकद साधारण १.६ पटच भरते. गणिताची आवड असलेल्या मुलांनी दोनचे घनमूळ काढून त्याचा वर्ग करून पाहावा. याचा अर्थ, दर किलो वजनामागे ताकद मोजली तर लहान चणीचा माणूस पुढे असतो.

भारोत्तोलनात हे स्पष्ट दिसते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूने ६० किलो गटात क्लीन अँड जर्क प्रकारात १९० किलो वजन उचलले. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक! जॉर्जियाच्या लाशा तलाखाद्झेने २०२१ मध्ये याच प्रकारात २६७ किलो उचलून विश्वविक्रम केला, पण त्याचे स्वतःचे वजन १७० किलोंहून अधिक होते. म्हणजे सुमारे दीडपट. दोघेही थोर, यात शंका नाही. पण ‘बलवान कोण’ या प्रश्नाचे उत्तर आपण कशाने मोजतो त्यावर बदलते.

हेवीवेटचा मान कशामुळे?

हेवीवेट गटाला मान मिळतो तो काही अगदीच अकारण नाही. त्या गटाच्या विजेत्याबद्दल ‘हा जगातल्या कोणाशीही लढू शकेल’ असे म्हणता येते. पन्नास किलोंच्या जगज्जेत्याबद्दल तसे म्हणता येणार नाही. शिवाय हेवीवेट लढतीत शेवटच्या क्षणापर्यंत एका ठोशाने सारे उलटू शकते. ही धास्ती प्रेक्षकाला खुर्चीवरून उठू देत नाही. अमेरिकेत आणि युरोपात या खेळाचा पैसा होता आणि तेथील प्रेक्षकांना आपल्या अंगलटीचे वीर आवडले, हेही खरे.

पैशाचा फरक पाहिला तर डोळे विस्फारतात. १९९४ मध्ये अमेरिकेचा मायकेल कारबहाल आणि मेक्सिकोचा उंबेर्तो गोन्सालेस यांची दुसरी लढत झाली तेव्हा ४९ किलोंच्या आतल्या गटात प्रथमच दहा लाख डॉलर मानधन मिळाले, आणि ती मोठी बातमी ठरली. दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, होलिफिल्डविरुद्धच्या एका लढतीसाठी टायसनला तीन कोटी डॉलर मिळाले. लढत तो हरला, तरीही!

याच कारबहाल आणि गोन्सालेस यांची मार्च १९९३ मधली पहिली लढत आजही जाणकार आठवतात. कारबहाल दुसऱ्या फेरीत खाली पडला, पाचव्या फेरीत पुन्हा पडला, भुवई फुटून रक्त वाहू लागले. तरी सातव्या फेरीत त्यानेच गोन्सालेसला आडवे केले. थरार पाहण्यासाठी शंभर किलोंची माणसेच हवीत, असे म्हणणाऱ्यांनी ही लढत एकदा पाहावी.

लहान चणीचे मोठे वीर

वेल्सच्या कोळसाखाणीत काम करणारा जिमी वाइल्ड १९१६ मध्ये फ्लायवेटचा पहिला जगज्जेता म्हणून मान्यता पावला. त्याचे वजन गटाच्या मर्यादेपेक्षाही कमी असे, आणि आपल्याहून कितीतरी जड माणसांना त्याने हरवले. अंगाने अस्थिपंजर, पण ठोसा हातोड्यासारखा, अशी त्याची ख्याती होती. १९२३ मध्ये त्याला हरवले ते फिलिपिन्सच्या पांचो व्हियाने. हा आशियातील पहिला जागतिक विजेता. दुर्दैवाने दाताच्या संसर्गातून आजार बळावून १९२५ मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी तो गेला.

त्याच फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ १९९८ मध्ये फ्लायवेटचा जगज्जेता झाला आणि एकेक पायरी चढत २०१० पर्यंत आठ वेगवेगळ्या वजनगटांत विजेता ठरला. हा पराक्रम त्याच्याआधी कोणी केला नव्हता. निकाराग्वाचा रोमान गोन्सालेस २०१५ मध्ये ‘द रिंग’ या प्रसिद्ध नियतकालिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला. या यादीत वजनाचा फरक बाजूला ठेवून केवळ कौशल्य पाहिले जाते. फ्लायवेट गटातील खेळाडूला हा मान तेव्हा प्रथमच मिळाला.

आणि जपानचा नाओया इनोए! त्याने २०२२ मध्ये बँटमवेट आणि २०२३ मध्ये सुपर बँटमवेट या दोन्ही गटांतील चारही संघटनांची विजेतेपदे एकत्र केली. ६ मे २०२४ रोजी तो टोकियो डोममध्ये मेक्सिकोच्या लुईस नेरीविरुद्ध उतरला. पहिल्याच फेरीत इनोए खाली पडला, कारकिर्दीत पहिल्यांदाच. तो उठला, सावरला आणि सहाव्या फेरीत त्याने लढत संपवली. या टोकियो डोममध्ये यापूर्वीची मोठी मुष्टियुद्ध लढत झाली होती ती फेब्रुवारी १९९० मध्ये, टायसन आणि डग्लस यांची. ज्या छपराखाली एकेकाळी टायसनचा जगप्रसिद्ध पराभव झाला, तेथे चौतीस वर्षांनी ५५ किलोंच्या माणसाने चाळीस हजारांवर प्रेक्षक जमवले. लोकांना चांगले ते ओळखता येते. प्रश्न त्यांच्यापुढे ते आणले जाते की नाही, एवढाच असतो.

हलक्या गटाची लढत पाहताना नजर कोठे ठेवावी, हेही सांगतो. हेवीवेटमध्ये आपण ठोशाची वाट पाहतो, येथे पावलांकडे पाहावे. खेळाडू पाऊलभर बाजूला सरकून प्रतिस्पर्ध्याचा ठोसा कसा हुकवतो आणि त्याच क्षणी आपला कसा घालतो, ते पाहावे. एका ठोशाने सारे संपवण्याचा भरवसा नसल्याने त्याला ठोशांच्या माळा गुंफाव्या लागतात, शेवटच्या फेरीपर्यंत दम टिकवावा लागतो आणि चूक झाली तर तिची भरपाई डोक्याने करावी लागते. बुद्धिबळ वेगात खेळावे तसे हे आहे.

धोका हलका नसतो

‘हलकी माणसे, हलके ठोसे, त्यांना काय होणार?’ असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. वेल्सचा बँटमवेट जॉनी ओवेन सप्टेंबर १९८० मध्ये लॉस एंजेलिसला मेक्सिकोच्या लुपे पिंटोरविरुद्ध बाराव्या फेरीत कोसळला तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. सुमारे दीड महिन्याने त्याचा मृत्यू झाला. २००२ मध्ये त्याच्या गावी पुतळा उभा राहिला तेव्हा ओवेनच्या वडिलांच्या इच्छेने त्याचे अनावरण खुद्द पिंटोरने केले.

१९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा लाइटवेट किम दुक-कू रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीत चौदाव्या फेरीत पडला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर जागतिक संघटनांनी विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आणल्या. आजचे सर्व वजनांचे मुष्टियोद्धे, हेवीवेटही, ज्या नियमाच्या आधाराने थोडे अधिक सुरक्षित आहेत, तो ६१ किलोंच्या एका तरुणाच्या प्राणांची किंमत देऊन आलेला आहे. जो तोच धोका पत्करतो, त्याला मान मात्र कमी, हे कोणत्या न्यायात बसते?

आपली पदके कोणी आणली?

आता घराकडे येऊ. ऑलिंपिकमध्ये भारताला कुस्तीत २०२४ पर्यंत आठ पदके मिळाली. खाशाबा जाधव ५७ किलो, सुशीलकुमार ६६ किलोंत दोनदा, योगेश्वर दत्त ६० किलो, साक्षी मलिक ५८ किलो, रवी दहिया ५७ किलो, बजरंग पुनिया ६५ किलो आणि अमन सेहरावत ५७ किलो. यादी पुन्हा वाचा. सत्तर किलोंच्या वरचे त्यात कोणीही नाही! टोकियोत भारोत्तोलनात रौप्य मिळवणारी मीराबाई चानू ४९ किलो गटातली. मुष्टियुद्धात विजेंदर सिंग ७५ किलोंचा आणि लवलिना बोर्गोहाईं ६९ किलोंची, पण सहा वेळा जगज्जेती झालेली मेरी कोम ४५ ते ४८ किलोंच्या गटांतली. आणि मेरीने ज्याला आपली प्रेरणा मानले तो मणिपूरचा डिंको सिंग १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला ते ५४ किलोंत.

खाशाबांची गोष्ट मराठी घरांत माहीत असायलाच हवी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावकऱ्यांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांना डोक्यावर घेतले, परंतु सरकारदरबारी त्यांना हयातीत पद्म सन्मान मिळाला नाही. १९८४ मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. दुसरे वैयक्तिक पदक येण्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले. मग खाशाबांनी काय केले होते याची किंमत सर्वांना कळली.

महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा कोणी उंचावली, हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते. त्याच स्पर्धेत ५७ किलोंत माती किंवा गादी विभागात कोण जिंकले, हे दुसऱ्या दिवशी विचारले तर किती जणांना सांगता येईल? गदेचा मान मोठा आहेच, तो तसाच राहावा. पण ऑलिंपिकचे दार आपल्यासाठी वारंवार उघडले ते लहान गटांतल्या मल्लांनी, हे विसरून कसे चालेल?

आमच्या वाचकांना आणखी एक जवळचे उदाहरण द्यायला हवे. सिकंदराबादहून नांदेडकडे जाताना बासरच्या आधी निजामाबाद स्टेशन लागते. आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे तेथे गाडीतून उतरून पाणी भरले असेल. त्या गावात समसामुद्दीन या प्रशिक्षकाच्या हाताखाली निखत झरीन मुष्टियुद्ध शिकू लागली. २०११ मध्ये ती कनिष्ठ गटात जगज्जेती झाली. मधली काही वर्षे खांद्याच्या दुखापतीत आणि निवडीच्या झगड्यांत गेली. १९ मे २०२२ रोजी इस्तंबूल येथे तिने ५२ किलोंत जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०२३ मध्ये दिल्लीत ५० किलोंत पुन्हा मिळवले. समसामुद्दीन यांचा मुलगा हुसामुद्दीन यानेही २०२३ च्या जागतिक स्पर्धेत ५७ किलोंत कांस्यपदक पटकावले. एका गावातून जागतिक पदके जिंकणारे दोन खेळाडू, दोघेही हलक्या गटांतले.

मान कमी पडला की काय घडते?

कोणी म्हणेल, मान दिला काय आणि न दिला काय, खेळणारा खेळतोच. तसे नाही. मान कमी असला की कात्री प्रथम तेथेच लागते.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी ४८ किलोंचा गट सुरू झाला. पुढे तो ४९ किलोंचा झाला आणि २०१६ पर्यंत टिकला. महिलांना अधिक गट देणे आवश्यक होते आणि ते योग्यच झाले. पण त्यासाठी पुरुषांचे गट कमी करताना टोकियोसाठी हा सर्वांत हलका गट गेला. हरियाणाच्या अमित पंघालने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच ४९ किलो गटात रिओचा ऑलिंपिक विजेता हसनबॉय दुस्मातोव याला हरवून सुवर्ण जिंकले होते. गट गेल्यावर त्याला ५२ किलोंत जावे लागले. तेथेही २०१९ मध्ये त्याने जागतिक रौप्य मिळवले, पण टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये तो पहिल्याच लढतीत बाहेर पडला. मेरी कोमचेही तसेच. २०१२ मध्ये महिलांचे मुष्टियुद्ध प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले, पण सर्वांत हलका गट ५१ किलोंचा होता. पाच वेळची जगज्जेती आपल्या नेहमीच्या वजनाहून वर चढून लढली आणि तरीही कांस्य घेऊन आली.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा सर्वांत हलका गट ५५ किलोंचा ठेवला आहे. पॅरिसमध्ये तो ५१ किलोंचा होता. जपान, फिलिपिन्स, थायलंड, मेक्सिको, भारत अशा देशांत पन्नास किलोंच्या आसपासच्या गुणी तरुणांची वाण नाही. त्यांनी काय करायचे? पाच किलो वाढवून मुळातच मोठ्या असलेल्या माणसांशी लढायचे, नाही तर ऑलिंपिकचे स्वप्न सोडायचे.

दुसरी बाजूही पाहू

सगळाच दोष प्रेक्षकांचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात सतरा गट आणि प्रत्येक गटात चार संघटनांचे चार विजेते, असा बाजार झाला आहे. हलक्या गटांमध्ये तर अंतर तीन-चार पौंडांचेच उरते. ‘जगज्जेता’ हा शब्द इतक्यांच्या नावापुढे लागला की त्याचे मोल उतरतेच. काही हलक्या गटांत खेळाडू मोजक्याच देशांतून येतात, हीही वस्तुस्थिती आहे. तेव्हा केवळ पट्टा मिळाला म्हणून आदर द्यावा, असे नव्हे. तो कोणाशी लढला, कसा लढला, हे पाहून द्यावा. पण हीच कसोटी हेवीवेटलाही लावावी. एका गटाला कामगिरीवर मोजायचे आणि दुसऱ्याला तराजूवर, हे बरोबर नाही.

आमच्या मते उत्तर असे आहे. हलक्या गटांना अधिक मान मिळायला हवा, पण तो दया म्हणून नको. त्या गटांत वेग, चापल्य, दम आणि डोके यांचा कस अधिक लागतो. धोका तितकाच असतो, मोबदला मात्र कमी. आणि आपल्या देशापुरते बोलायचे तर जगाच्या व्यासपीठावर आपले नाव बहुतांशी त्यांनीच नेले आहे.

पालक, विद्यार्थी आणि विश्वस्त यांच्यासाठी

मुलांनो, तुमचे वजन कमी आहे म्हणून खेळ तुमच्यासाठी नाही असे कोणी म्हटले, तर वरची यादी दाखवा. शालेय राष्ट्रीय स्पर्धांतही कुस्ती आणि मुष्टियुद्ध वजनगटांनुसारच होतात. तुम्हाला तुमच्या एवढ्याच मुलाशी लढायचे असते. तेथे सबब चालत नाही आणि अन्यायही होत नाही.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हलक्या गटात बसण्यासाठी उपाशी राहणे, पाणी न पिणे, घाम गाळून वजन उतरवणे हे वाढत्या वयात अत्यंत घातक आहे. मोठ्यांनाही त्याचा फटका बसतो. विनेश फोगाट २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. एरवी ती ५३ किलोंत खेळायची. अंतिम लढतीच्या सकाळी तिचे वजन शंभर ग्रॅम अधिक भरले आणि ती अपात्र ठरली. रात्रभराचे कष्टही ते शंभर ग्रॅम उतरवू शकले नाहीत. तेव्हा शरीराला गटात कोंबू नका. शरीर जेथे आपोआप बसते तो गट आपला. प्रशिक्षकाने वजन उतरवायला सांगितले तर घरी सांगा आणि डॉक्टरांना विचारा.

पालकहो, ‘आधी जरा अंग धरू दे, मग बघू’ हे वाक्य आपण प्रेमानेच बोलतो. पण त्या वाटेने मुलाची शिकण्याची वर्षे निघून जातात. मुष्टियुद्धात डोक्याला मार बसण्याचा धोका आहे, याची काळजी जरूर करा. शिरस्त्राण, दंतरक्षक आणि जाणता प्रशिक्षक असल्याशिवाय पाठवू नका. तेवढी खात्री झाली तर केवळ अंगकाठी पाहून त्याला अडवू नका.

आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. जेथे शाळांमध्ये कुस्ती-मुष्टियुद्ध होते, तेथे वजनाचा एक चांगला काटा, प्रत्येक गटाला सारखेच पदक आणि संमेलनात व्यासपीठावर बोलावताना सारखाच वेळ, एवढे केले तरी पुष्कळ झाले. बहुतेक ठिकाणी बक्षीस-समारंभ हलक्या गटापासून सुरू होतो. तेव्हा पाहुणे अजून स्थानापन्न होत असतात आणि टाळ्या विरळ असतात. एखाद्या वर्षी क्रम उलटा करून पाहावा. भरलेल्या सभागृहात सर्वांत शेवटी ४० किलोंच्या विजेत्याचे नाव पुकारले जावे. त्या मुलाला तो दिवस जन्मभर आठवेल, आणि खाली बसलेल्या त्याच्याएवढ्या चार मुलांना घरी जाताना काही तरी वेगळे सुचेल.